मोठी बॅटरी भरलेली, गाडी मात्र बंद

आईच्या मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मे महिन्यात मी २३ दिवस नागपूरला होतो. पुण्याला परतलो, दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गेलो, आणि माझ्या हायब्रिड गाडीने, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीने, रिमोटला दादच दिली नाही. रिमोटच्या पोटात दडवलेली छोटी धातूची चावी काढून दार उघडावे लागले. आतला दिवा लागला, पण त्याच्या उजेडात सीटवरचा पट्टाही नीट दिसत नव्हता. ब्रेक दाबून बटण दाबले तेव्हा डॅशबोर्डवर ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग असे सगळे इशारे एकाच वेळी उजळले, ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’ अशी ओळ झळकली, मागच्या सीटखालून रिलेचा, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या स्विचचा, टकटक असा आवाज तीन-चार वेळा आला आणि सगळे काळे झाले.

आमचा रखवालदार धावत आला. ‘‘काका, धक्का मारू का? दोन पोरं बोलावतो.’’ त्याच्या मदतीच्या वृत्तीबद्दल मला आदर आहे, पण या गाडीला धक्का मारून काहीच साधत नाही. तिला क्लच नाही, गिअर टाकून चाकांच्या जोरावर इंजिन फिरवण्याची सोय नाही, आणि माझ्या गाडीत पार्किंगची कडीसुद्धा विजेवर सुटते, त्यामुळे ती जागेवरून हलवणेही शक्य नव्हते. मग मदत केंद्राला फोन केला. पलीकडच्या व्यक्तीने माझे वर्णन अर्धवट ऐकले आणि मोठी बॅटरी गेली असावी, गाडी उचलून न्यावी लागेल, खर्च लाखांत जाऊ शकतो, असे सांगून टाकले. पत्नी शेजारी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पाहून मी ठरवले की स्वतः मोजल्याशिवाय गाडी कोणाच्या हाती द्यायची नाही. त्या दिवशी आणि पुढच्या आठवड्यात जे मोजले आणि त्यातून जे समजले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्यासारखीच वेळ येणाऱ्या गाडीमालकाला फोनवरच्या एका अंदाजावर लाखांच्या खर्चाची धास्ती घ्यावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

पूर्ण हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाके फिरवणारी. टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विक्रीला आली. तिच्या दुसऱ्या पिढीतील मोठ्या बॅटरीत निकेल-मेटल हायड्राइडचे १६८ सेल एकापुढे एक जोडलेले होते, प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. दुसरी बॅटरी लहान, सहसा शिसे आणि आम्लाची, १२ व्होल्टची, पेट्रोल गाडीत असते तिच्यासारखी. दारांची कुलुपे, दिवे, डॅशबोर्डवरचा पडदा आणि सगळे संगणक या लहान बॅटरीवर चालतात. मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीचे दार हीच उघडते. गाडी बंद असताना मोठी बॅटरी उरलेल्या गाडीपासून रिलेंच्या साहाय्याने तोडलेली असते, जेणेकरून अपघात झाला किंवा कोणी दुरुस्तीसाठी हात घातला तर मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांमध्ये दोनशे व्होल्ट उभे राहू नयेत. आपण बटण दाबले की संगणक जागे होतात, सगळे ठीक असल्याची खातरजमा करतात आणि १२ व्होल्टच्या करंटने ते रिले ओढून धरतात. हा करंट पुरेसा नसेल तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही तिच्यातला एक थेंब बाहेर येत नाही. मी ऐकलेला टकटक आवाज बहुधा अशाच धरून ठेवता न आलेल्या रिलेंचा होता.

आमच्या पिढीने बॅटरीचे निदान कानाने केले आहे. सेल्फ मारल्यावर इंजिन रेंगाळत, कण्हत फिरले की बॅटरी उतरत आली आहे हे घरातल्या लहान मुलालाही समजत असे, आणि त्या कण्हण्यातून आपल्याला आठवडा-दोन आठवडे आधी सूचना मिळत असे. माझ्या गाडीसारख्या हायब्रिडमध्ये सेल्फ नावाचा भागच नाही. इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीवर चालणारी मोटर करते. पेट्रोल गाडीचा सेल्फ दीडशे-दोनशे ॲम्पिअर ओढतो. येथे लहान बॅटरीला संगणक आणि रिले यांच्यापुरताच करंट द्यायचा असतो. म्हणून तिची निम्मी ताकद संपली तरी गाडी रोज सकाळी निमूटपणे ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, होते. शिवाय एकदा ‘रेडी’ झाले की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून चौदा व्होल्टच्या आसपास वीज पुरवू लागतो, पेट्रोल गाडीत बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचे काम येथे तोच करतो, आणि मग काचा, पंखा, दिवे सगळे इतके उत्तम चालते की आजारी बॅटरी त्याच्या आड पूर्ण झाकली जाते. तिचा अशक्तपणा दिसण्याची संधी रोज फक्त काही सेकंदांची असते, कुलूप उघडल्यापासून ‘रेडी’ होईपर्यंतची.

मला ती संधी मिळाली होती. फेब्रुवारीपासून कुलूप उघडल्यावर बाजूचे आरसे पूर्वीपेक्षा सावकाश उलगडत होते. डावा आरसा तर अर्ध्यावर क्षणभर थबकून मग पुढे जायचा. मी धूळ बसली असेल असे समजून त्याच्या सांध्यावर दोनदा फडके मारले. आज त्या गोष्टीची मला खंत वाटते, कारण बॅटरीने जे सांगायचे ते सांगितले होते.

आता मोजमापाकडे येतो. माझ्याजवळ तपकीर गल्लीतून पूर्वी घेतलेला सहाशे रुपयांचा मल्टिमीटर होता. अडचण अशी की माझ्या गाडीची लहान बॅटरी डिकीत, उजव्या कोपऱ्यात आहे, आणि डिकी विजेवर उघडते. अशा गाड्यांमध्ये बॉनेटखाली फ्यूजच्या डब्यात एक धन टोक दिलेले असते. बॉनेट साध्या तारेने उघडते. डब्याचे झाकण काढले, आत लाल टोपी होती, ती उचलून मीटरची लाल सळई तेथे आणि काळी सळई इंजिनाजवळच्या उघड्या धातूच्या बोल्टवर टेकवली. आकडा आला ८.१. शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा सेल असतात, भरलेल्या अवस्थेत प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे; म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या स्थितीत १२.६ ते १२.८ दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२.० म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली ती रिकामीच समजावी. ८.१ हा आकडा पाहून मला खरे तर हायसे वाटले. डॅशबोर्डवरच्या साऱ्या इशाऱ्यांचे एकच साधे कारण समोर आले होते. व्होल्टेज पडले की प्रत्येक संगणक दुसऱ्या संगणकाशी संपर्क तुटल्याची तक्रार नोंदवतो, आणि त्या गर्दीत ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’ ही ओळही उमटते. तेवढ्यावरून मोठ्या बॅटरीला दोषी धरता येत नाही.

समोरच्या विंगमधल्या एका तरुणाने आपली छोटी पेट्रोल गाडी शेजारी आणून लावली. जंपर केबल जोडताना मी एकेक टोक मोठ्याने म्हणत गेलो, कारण येथे उलटसुलट झाले तर मुख्य फ्यूज उडतो आणि कधी कन्व्हर्टरचेही नुकसान होते, आणि तो खर्च बॅटरीच्या कितीतरी पट असतो. आधी लाल क्लॅम्प माझ्या लाल टोपीखालच्या टोकाला, मग लालचे दुसरे टोक त्याच्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळा त्याच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा माझ्या गाडीतल्या उघड्या धातूला. त्याने इंजिन पाच मिनिटे चालू ठेवले, मी बटण दाबले आणि ‘रेडी’ अक्षरे हिरवी झाली. सगळे इशारे विझले. पडद्यावर मोठी बॅटरी आठपैकी सहा घरे भरलेली दिसत होती. काढताना क्रम उलटा. गाडी लगेच तळघरातून बाहेर काढली, कारण ‘रेडी’ असताना इंजिन आपल्या मर्जीने सुरू होते आणि बंदिस्त जागेत त्याचा धूर जिवावर बेतू शकतो. आणखी एक गोष्ट त्या तरुणाला मी तेव्हाच सांगितली: तुझी गाडी बंद पडली तर मी धावून येईन, पण माझी गाडी जोडून तुझा सेल्फ मारता येणार नाही. अनेक हायब्रिड गाड्यांच्या पुस्तिकांत तशी स्पष्ट मनाई आहे, कारण सेल्फचा दणका त्या कन्व्हर्टरसाठी नाही.

गाडी सुरू झाली म्हणजे निदान झाले, असे मानणे ही येथील सर्वांत महाग चूक आहे. बॅटरी रिकामी का झाली, हा प्रश्न तसाच होता, आणि त्याची तीन उत्तरे संभवत होती: तिला भरणारा कन्व्हर्टर नीट भरत नसेल, गाडी बंद असताना कोणीतरी करंट पीत असेल, किंवा बॅटरीतच आता धरून ठेवण्याची ताकद उरली नसेल. तिन्ही उत्तरे मीटर देतो.

कन्व्हर्टरचे उत्तर लगेच मिळाले. ‘रेडी’ असताना बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट होते. पूर्ण दिवे आणि पंखा लावल्यावरही आकडा जवळजवळ तेवढाच राहिला. येथे १२.५ किंवा त्याहून कमी दिसले असते आणि खालीच जात राहिले असते, तर कन्व्हर्टर किंवा त्याचा फ्यूज तपासावा लागला असता. त्याच वेळी बॅटरीचे शिशाचे टोक आणि त्याच्यावर बसणारा क्लॅम्प यांच्यावर दोन सळया ठेवून पाहिले. चालू भाराखाली तेथे शून्याच्या आसपासच आकडा यायला हवा. दोन दशांश व्होल्ट जरी दिसले तरी जोड सैल किंवा गंजलेला असतो. माझ्याकडे ०.०१ होते. बॉनेटखालच्या बॅटरीवर पांढरी-हिरवी भुकटी धरते तशी डिकीतल्या बॅटरीवर सहसा धरत नाही.

बॅटरीच्या ताकदीची परीक्षा मात्र घाईने होत नाही. बॅटरी काढून घरी आणली, चार ॲम्पिअरच्या स्वयंचलित चार्जरवर रात्रभर ठेवली, आणि चार्जर काढल्यावर सहा तास तिला हातही लावला नाही, कारण नुकत्याच भरलेल्या बॅटरीचा आकडा पट्ट्यांवरच्या वरवरच्या विद्युतभारामुळे फुगलेला असतो. सहा तासांनी मीटरने १२.५ दाखवले. हा आकडा पाहून कोणीही बॅटरी चांगली आहे असे म्हणेल, आणि मीही क्षणभर तसेच म्हणालो. मग ती गाडीत बसवली, ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबून गाडी फक्त ‘ऑन’ केली, म्हणजे कन्व्हर्टर बंद आणि सगळा भार एकट्या लहान बॅटरीवर. मोठे दिवे, पंखा पूर्ण वेगाने आणि मागच्या काचेचा हीटर लावला आणि डिकीत मीटर धरून बसलो. एका मिनिटाला ११.९. तीन मिनिटांना ११.४. पाचव्या मिनिटाला १०.८ आणि उतरणे सुरूच. निरोगी बॅटरी अशा भाराखाली सुरुवातीला थोडी खाली येते आणि मग एका पातळीवर टिकून राहते. ही टिकत नव्हती. पाण्याच्या टाकीत तळाशी गाळ साचला की वरून पाणी काठापर्यंत दिसते, पण चार बादल्यांत टाकी संपते, तसा हा प्रकार होता. शिसे-आम्लाची बॅटरी बराच काळ अर्धी किंवा रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवरचे शिसे-सल्फेट कठीण स्फटिकांत बदलते आणि मग बॅटरी भरतानाही ते पूर्वरूपात येत नाही. दुकानातल्या परीक्षा-यंत्राने नंतर हाच निकाल दिला, पण त्याआधी तो मला कळला होता, आणि केवळ एका मीटरवर कळला होता.

तरीही साडेतीन वर्षांत एवढी झीज का व्हावी, हे मला सलत होते. उन्हाळ्याच्या प्रदेशात या बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे टिकतात, म्हणजे वय अगदीच कमी नव्हते, पण करंट कुठे जातो हे पाहिल्याशिवाय नवी बॅटरी बसवणे मला पटेना. त्यासाठी ऋण क्लॅम्प सोडवून मीटर दहा ॲम्पिअरच्या छिद्रात लावून क्लॅम्प आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडायचा असतो. दार उघडे ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवली, म्हणजे गाडीला दार बंद वाटते, रिमोट घरी ठेवला आणि अर्धा तास थांबलो, कारण गाडीचे संगणक लगेच झोपत नाहीत. मीटर मध्ये असताना चुकूनही बटण दाबायचे नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज जातो. सुरुवातीला दोन ॲम्पिअरच्या वर असलेला आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेला आणि ०.३४ वर थांबला. झोपलेल्या गाडीने तीस-चाळीस, फार तर पन्नास मिलिअँपिअर घ्यावेत. येथे ३४० होते. मग आत गेलो आणि जो जास्तीचा फ्यूज मीच मागच्या वर्षी बसवून घेतला होता, तो काढला. आकडा ०.०२८ वर आला.

तो फ्यूज डॅशकॅमचा होता. गाडी उभी असतानाही चित्रण व्हावे म्हणून मी तो थेट बॅटरीच्या तारेवर घेतला होता. त्याच्या जोडणी-संचात व्होल्टेज अमुक खाली गेले की कॅमेरा तोडण्याची सोय असते, आणि बसवणाऱ्याने ती मर्यादा ११.६ वर ठेवली होती, जी म्हणजे रिकामीच बॅटरी. आता हिशेब जुळला. डॅशकॅम आणि गाडी मिळून दिवसाला आठ ॲम्पिअर-तास जात होते. ४५ ॲम्पिअर-तासांची नवी बॅटरीसुद्धा त्यात सहा दिवसांत संपली असती. माझी झिजलेली त्याआधीच. कॅमेरा ११.६ ला तुटला, आणि पुढचे सतरा-अठरा दिवस झोपलेल्या गाडीने दिवसाला ०.६७ ॲम्पिअर-तास या दराने उरलेसुरले चोखून घेतले. त्याआधीही, वर्षभर, मी शुक्रवारी रात्री गाडी लावून सोमवारी काढत असे तेव्हा प्रत्येक वेळी ती अर्ध्याच्या खाली जात होती आणि घर ते ऑफिस या चार किलोमीटरांत पुन्हा पूर्ण भरत नव्हती. बॅटरी एका मुक्कामात मेली नाही, तिला वर्षभर उपाशी ठेवले गेले होते.

मोठ्या बॅटरीचा खरा आजार याहून वेगळा दिसतो, हेही सांगितले पाहिजे, कारण फोनवरच्या त्या व्यक्तीने जी गल्लत केली ती कोणाचीही होऊ शकते. मोठी बॅटरी थकली असेल तर रिमोट चालतो, आतले दिवे लख्ख लागतात, बहुधा गाडी ‘रेडी’ही होते, पण पडद्यावरची घरे एका चढावर झरझर रिकामी होतात आणि उतारावर तितक्याच वेगाने भरतात, तिला थंड करणारा पंखा सतत घोंघावतो, इंजिन गरजेपेक्षा अधिक वेळ चालते, आणि टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत ‘पी०ए८०’ हा दोष नोंदला जातो. तो दोष लहान बॅटरी पूर्ण भरल्यावर आणि जुन्या नोंदी पुसल्यावरही परत आला, तरच मोठ्या बॅटरीकडे वळावे. एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे: पेट्रोल संपल्यावरही कोणी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले तर इंजिन फिरवण्यातच मोठी बॅटरी उतरते, आणि तेव्हा जंपर केबल लावून काहीही होत नाही. त्या नारिंगी तारांच्या बाजूला मात्र घरच्या मीटरने कधीही जाऊ नये. ते काम प्रशिक्षित माणसाचे आणि रबरी हातमोज्यांचे आहे.

नवी बॅटरी घेताना दुकानदाराने आधी साधी, पातळ आम्लाची, दीड हजारांनी स्वस्त बॅटरी पुढे केली. मी ती नाकारली. भरताना अशा बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि माझ्या गाडीत ती माणसांच्या मागे, बंद जागेत बसते. म्हणून तेथे आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली एजीएम प्रकारची बॅटरीच लागते, आणि तिच्या बाजूच्या छिद्रातून वायू बाहेर नेणारी एक पातळ नळी असते. जुनी बॅटरी काढताना ही नळी निसटून गालिच्याखाली गेली होती. बसवणारा मुलगा झाकण लावू लागला तेव्हा मी त्याला थांबवले, ‘‘अरे, नळी राहिली बघ,’’ आणि आम्ही दोघांनी मोबाइलच्या उजेडात ती शोधून बसवली. त्याने मनापासून विचारले, ‘‘काका, ही कशाला असते?’’ आणि ऐकून घेतले. पुढच्या गाडीत तो ती विसरणार नाही असे मला वाटते.

डॅशकॅमची मर्यादा आता १२.४ वर आहे आणि उभ्या गाडीतले चित्रण मी फक्त रस्त्यावर गाडी लावली तरच चालू करतो. दहा दिवसांहून अधिक बाहेर जायचे असेल तेव्हा ऋण क्लॅम्प सोडवून ठेवतो. डिकी विजेवर उघडत असल्याने त्यानंतर तिचे झाकण नुसते टेकवून ठेवायचे असते, लावून घ्यायचे नसते, हे एकदा पत्नीने वेळेवर आठवण करून दिल्यामुळे निभावले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी मीटर घेऊन खाली जातो आणि आकडे वहीत लिहितो. या महिन्याचे असे आहेत: रात्रभर उभी असताना १२.७८, दिवे-पंखा-हीटर लावून पाच मिनिटांनी १२.२१ आणि तेथेच स्थिर, ‘रेडी’ असताना १४.१. कुलूप उघडले की दोन्ही आरसे एकाच वेळी, न थबकता उलगडतात.